परसातला फिरता घुमट : वेधशाळेच्या छपरामागचा इतिहास

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथे उभारलेल्या वेधशाळांना घुमट नव्हता. दगडविटांची ती यंत्रे नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्यासाठी होती आणि उन्हापावसात उघडी राहू शकत होती. छपराची गरज भासली ती दुर्बिणीच्या भिंगांमुळे. 1824 मध्ये डोरपाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथे बसवलेली, जर्मन भिंगकार फ्राउनहोफरची दुर्बीण घड्याळी यंत्रणेने ताऱ्यामागोमाग फिरत असे. अशा नाजूक यंत्राला वारा आणि दव लागू नये, तरीही आकाशाची प्रत्येक दिशा मोकळी मिळावी, या गरजेतून फट ठेवलेला फिरता घुमट रूढ होत गेला.

भारतात विशाखापट्टणम येथे गोडे वेंकट जग्गाराव यांनी 1840 च्या सुमारास राहत्या घरी वेधशाळा काढली होती. पुण्यात 1888 मध्ये कावसजी नायगमवाला यांच्या पुढाकाराने महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, आणि 1912 मध्ये ती बंद झाल्यावर तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. मात्र हे सारे संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या ऐपतीतले होते.

सामान्य माणसाच्या परसात वेधशाळा आली ती कारखान्यांच्या गावातून, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या यंत्रनिर्मितीच्या गावी रसेल पोर्टर यांनी 1920 मध्ये दुर्बिणीचा आरसा घासून घडवण्याचे वर्ग सुरू केले, आणि त्यांचे बहुतेक विद्यार्थी कारखान्यातले कामगार होते. पुण्यात 1944 मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रातील हौशी निरीक्षणालाही घर मिळाले.

कारखान्यांचे गाव म्हणून कोल्हापूरची बाजू इथे भक्कम आहे. ओतकाम, लेथ आणि फॅब्रिकेशन यांवर वाढलेल्या उद्यमनगरात अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) गोल वाकवून देणारे कारागीर आहेत, आणि घरगुती घुमटाचे सारे यश त्या तळाच्या कड्यावरच अवलंबून असते. कडे किंचित लंबगोल राहिले तरी घुमट फिरवणारी चाके अडकतात. वरचे कवच पाकळ्यांचे, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या पत्र्याच्या तुकड्यांचे असते. अडीच मीटर व्यासाच्या घुमटाचा परीघ सुमारे 7.85 मीटर भरतो, म्हणून 16 पाकळ्या केल्यास प्रत्येक पाकळी तळाशी 49 सेंटीमीटर रुंद कापावी लागते आणि घुमटाच्या केंद्रातून मोजलेल्या 60 अंशांच्या उंचीवर ती बरोबर निम्मी होते.

रुळांवरून सरकणारे छप्पर याहून स्वस्त आणि सोपे पडते, हे खरे. तरीही शहरात मी घुमटच पसंत करीन, कारण अरुंद फट रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड अडवते. भिंतीची उंची मात्र आधी ठरवावी लागते. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे 16.7 असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो, आणि दुर्बिणीच्या बैठकीचा फिरण्याचा आस त्याच्याकडे रोखायचा तर उत्तरेची भिंत त्या रेषेच्या खालीच थांबवावी लागते.