टोन ब्रेक म्हणजे डिस्क्रिमिनेशन नव्हे

तासगावकडच्या द्राक्षबागेत विरळणी करताना एखादीच्या कानातलं पडतं, कुणाची अंगठी हळद काढताना मातीत जाते, आणि मग कुठून तरी मेटल डिटेक्टर मागून आणला जातो. आणणारा थोड्याच वेळात खिळ्यांच्या आवाजाला वैतागतो, मेनूत शिरतो आणि ‘टोन’ नावाचं जे दिसेल ते फिरवत सुटतो. मग ठरलेली तक्रार: “टोन बदलला, तरी खिळे वाजतायतच की!” वाजणारच. टोनचं सेटिंग खिळे बंद करायला दिलेलंच नाही.

डिस्क्रिमिनेशन बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. कॉइलकडे, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीकडे, परत येणाऱ्या सिग्नलचा फेज (लहरीची वेळ) किती सरकला ते बघून मशीन वस्तूला एक आकडा देतं. तुम्ही नको म्हणून ठरवलेल्या पट्ट्यात तो आकडा पडला, की मशीन गप्प राहतं. संपलं.

टोन ब्रेक कुणालाच गप्प करत नाही. तो फक्त कुठल्या आकड्यापासून सूर बदलायचा ते ठरवतो. समजा मशीनची पट्टी ० ते ९९ आहे आणि ब्रेक ३५ वर. पस्तिसाच्या खालचं सगळं खर्जात, वरचं सगळं चढ्या सुरात. आता ब्रेक ५० वर नेला, तर मधल्या वस्तू नाहीशा झाल्या नाहीत, त्या खर्जात गेल्या. मिरजेच्या तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावा नाहीतर मध्यमाला, ती वाजतेच; डिस्क्रिमिनेशन म्हणजे तारच काढून ठेवणं. टोन बदलल्याने मशीन खोलवरचं काही जास्त पकडत नाही आणि कमीही पकडत नाही. जे पकडलंय ते तुमच्या कानाला कसं सांगायचं, एवढाच प्रश्न.

हा घोळ महागात पडतो तो सोन्याच्या बाबतीत. ‘गोल्ड मोड’ लावला की फक्त सोनं वाजतं, असं सांगून मशीन विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आकडा धातूच्या नावावर ठरत नाही. वस्तूची वाहकता, आकार, जाडी या सगळ्यांचा मिळून तो ठरतो. म्हणून बारीक कानातलं आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद जवळजवळ त्याच आकड्यांवर येतात. नाजूक साखळीचं तर आणखी अवघड: मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, सुट्या कड्या दिसतात, त्यामुळे ती लोखंडाच्या शेजारी जाऊन बसते किंवा वाजतच नाही. मंगळसूत्राच्या पातळ पत्र्याच्या वाट्याही तशा खालच्याच. आता तुम्ही कागदाचा त्रास नको म्हणून तो पट्टा डिस्क्रिमिनेशनने बंद केलात, तर ज्यासाठी बागेत उतरलात तेच बंद केलंत. कागद ऐकून घ्या, उकरा, खिशात टाका. दुसरा उपाय नाही.

लोखंडाचंही तेच. ऊसवाहतुकीच्या बैलांच्या पत्र्या, त्यांचे खिळे, द्राक्षमांडवाच्या तारेचे कापलेले तुकडे यांनी आपली जमीन भरलेली असते. खिळ्याशेजारी अंगठी पडली आणि लोखंड डिस्क्रिमिनेशनने बंद असेल, तर पुष्कळदा अंगठीचा आवाज तुटतो किंवा खिळ्याबरोबर गिळला जातो. लोखंड खर्जात वाजतं ठेवलं, तर त्या घरघरीत मध्येच एक चढा तुकडा ऐकू येतो. मग उभे-आडवे दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवून बघता येतं. टोनमुळे खिळ्याची सावली हटते असं मात्र समजू नका. अंगठी खिळ्याच्या बरोबर खाली असेल तर कुठलाही सूर तिला वर काढणार नाही.

मग माणूस वेडा होईल, असं म्हणाल. त्यासाठी बऱ्याच मशीनमध्ये लोखंडाच्या टोनचा आवाज वेगळा कमी करता येतो. मी तो नेहमी दबलेला ठेवतो, शून्य कधीच नाही. कारण इथेच दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात: लोखंडाचा आवाज शून्य केला आणि ब्रेक वर ढकलला, की ब्रेकच्या खालचं सगळं ऐकू येईनासं होतं. मेनूत त्याला टोन म्हणा, कानाच्या दृष्टीने ते डिस्क्रिमिनेशनच झालं. फरक इतकाच की स्क्रीनवर आकडा दिसत राहतो, आणि स्क्रीनकडे बघत कोण चालतं?

टोन किती ठेवायचे? मायनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० या मशीनमध्ये १, २, ५ आणि ५० असे पर्याय आहेत. पट्टी उणे ९ ते ४०, म्हणजे ५० टोनमध्ये प्रत्येक आकड्याला स्वतंत्र सूर. पन्नास म्हणजे भारी, असं वाटतं. मोकळ्या, स्वच्छ जमिनीवर असेलही; घराच्या परड्यात तो नुसता कलकलाट आहे. नवख्याने दोनच ठेवावेत. चढ्या सुराची उंची बदलता येत असेल तर वयस्कर माणसाने ती थोडी खाली घ्यावी. वयानुसार आधी तीव्र आवाजच ऐकू यायचे कमी होतात.

थ्रेशोल्ड म्हणजे मागे चालू राहणारी गुणगुण. सेन्सिटिव्हिटी म्हणजे मशीन किती बारीक सिग्नल मनावर घेतं ते. बसाल्टच्या आपल्या जमिनीत मशीन उगाच बडबडलं तर आधी ग्राउंड बॅलन्स करा (जमिनीचा स्वतःचा सिग्नल मशीनला दुर्लक्षित करायला लावा) आणि सेन्सिटिव्हिटी कमी करा. टोनशी थ्रेशोल्ड आणि सेन्सिटिव्हिटीचा संबंध नाही. आणि हे सगळं स्वतःच्या रानासाठी. अजिंक्यताऱ्यासारख्या किल्ल्यावर मशीन घेऊन जाण्याचा विचार असेल तर पुढचं वाचूच नका. रानातसुद्धा दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन निघालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते कलेक्टरला कळवावं लागतं.

प्रयोग करायचा तर डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढा. मांडवाच्या लोखंडी अँगलपासून लांब, स्वच्छ तुकड्यावर खिळा, चंदेरी कागद आणि सोन्याची वस्तू हात-हात अंतरावर ठेवा. एका वेळी एकच सेटिंग हलवा, नाहीतर कशाने काय बदललं ते कळत नाही. चाचणीला रुपयाचं नाणं घेऊ नका. ते फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं आहे, चुंबकाला चिकटतं, आणि चपट्या लोखंडी चकत्या, बाटल्यांच्या बुचांसारख्या, कधी खर्जात तर कधी चढ्या सुरात उड्या मारतात. कानातलं हरवलं असेल तर जोडीतलं दुसरं मागून घ्या. त्याच्यासारखा नमुना दुसरा मिळणार नाही. जमिनीवर ठेवण्याआधी त्याला लाल दोरा बांधा, आणि दोऱ्याचं टोक जिचं कानातलं तिच्याच हातात द्या.