‘सततचा पाऊस’ : एका निकषाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पीकनुकसानीच्या शासकीय अहवालांत ‘सततचा पाऊस’ हे आपत्तीचे स्वतंत्र नाव म्हणून अलीकडेच रुळले. न थांबता पडणाऱ्या पावसाला मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. संततधार आहे, रिपरिप आहे, विदर्भ-मराठवाड्यात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होऊ न देणारी ‘झड’ आहे. ‘सतत’ आणि ‘संतत’ ही मुळात एकाच संस्कृत शब्दाची दोन रूपे असून मध्ये न तुटता ताणलेले, असा त्यांचा अर्थ. बोलण्यात मात्र ‘तो सतत फोन करतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा वारंवार एवढेच अभिप्रेत असते. शब्दाचा हा सैलपणा घरात चालून जातो, पंचनाम्यात चालत नाही.

पूर्वी पावसामुळे झालेल्या नुकसानीची मदत प्रामुख्याने अतिवृष्टीच्या निकषावर ठरे : महसूल मंडळात (काही गावे मिळून होणाऱ्या तालुक्याच्या भागात) 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि 33 टक्के किंवा अधिक पीकहानी. 2022 च्या खरिपात अनेक मंडळांत हा आकडा एकदाही गाठला गेला नाही, तरी पाऊस उघडेना, काळ्या जमिनीला वाफसा (मशागतीजोगी ओल) येईना आणि मुळांना हवा न मिळाल्याने सोयाबीन पिवळे पडले. अशा क्षेत्रांना त्या वर्षी ‘विशेष बाब’ म्हणून मदत देण्यात आली. पण ‘सतत’ म्हणजे किती दिवस आणि किती पाऊस, याची व्याख्याच नव्हती.

ती एप्रिल 2023 मधील मंत्रिमंडळ निर्णयाने आणि त्यानंतरच्या शासन आदेशाने आली. 15 जुलै ते 15 ऑक्टोबर या काळात सलग पाच दिवस दररोज किमान 10 मिलिमीटर पाऊस व्हावा, शिवाय त्या पाच दिवसांची बेरीज मागील दहा वर्षांतील त्याच काळाच्या सरासरीच्या किमान दीडपट असावी, असा पहिला निकष ठरला. वाद आहे तो ‘सलग’ आणि ‘दररोज’ या दोन शब्दांचा. चार दिवस पंधरा-पंधरा मिलिमीटर पडून मधल्या एखाद्या दिवशी आठच पडला, तर कागदावर सातत्य तुटते. शेतात मात्र त्या दिवशीही चिखलच असतो. हवामानशास्त्रात 2.5 मिलिमीटर पाऊस झालेला दिवसही ‘पर्जन्यदिन’ धरला जातो, म्हणजे आठ मिलिमीटरचा दिवस तिथे कोरडा ठरत नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मान्य केले, तरी पिकाला कुजवणारी झड बहुधा रोजच्या थोड्या-थोड्या पावसाचीच असते आणि ती नेमकी या रेघेखालून निसटते. सरीवर सरी कोसळतात त्या भागाला हा निकष जितका सोयीचा, तितका झडीच्या मुलखाला नाही.

दुसरा निकष उपग्रहावरून मोजल्या जाणाऱ्या, पिकाचा हिरवेपणा दाखवणाऱ्या वनस्पती निर्देशांकाचा असून त्यानंतर प्रत्यक्ष पंचनामा होतो. हा निर्देशांक पिकावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशावर काढला जातो, त्यामुळे ढगांनी आभाळ भरलेले असताना तो नीट मिळत नाही. सततच्या पावसात आभाळ भरलेलेच असते.