चार टक्के म्हणजे नेमके कुणाचे?

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, झड लागलेल्या एका संध्याकाळी, कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतले एक गृहस्थ मुलीला घेऊन राजारामपुरीत माझ्याकडे आले. मुलगी नुकतीच बारावीत गेलेली. वडिलांनी छत्री दाराशी टेकवली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली फाइल काढली आणि टेबलावर एकेक कागद मांडला. दहावीची गुणपत्रिका, ऑलिंपियाडची दोन प्रमाणपत्रं, अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या एसएटी परीक्षेचा १६०० पैकी १५२० चा निकाल. शेवटी वहीचं फाडलेलं एक पान. त्यावर दहा परदेशी विद्यापीठांची नावं आणि प्रत्येकासमोर लाल पेनानं टक्का. हार्वर्ड ३.६, एमआयटी ४.५, असं खालपर्यंत. पानाच्या तळाशी जेईई आणि सीईटी, त्यांच्यापुढं मात्र प्रश्नचिन्ह.

"सर, तुम्ही तीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलंय," ते म्हणाले. "हिचा चान्स किती, तेवढं सांगा. मग कर्जाचं मी बघतो."

ते पान बघून मला एक गोष्ट लगेच खटकली. जिथं अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो तिथं त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, आणि जिथं तो बांधणं फार अवघड तिथं दशांश चिन्हापर्यंतचा आकडा.

जेईईचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. २०२४ मध्ये आयआयटींच्या १७,७४० जागा होत्या आणि अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिलेले उमेदवार १ लाख ८० हजारांच्या घरात. या जागा रँकनं भरतात. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्सला खुल्या गटातला (मुलींसाठीच्या वेगळ्या जागा सोडून) शेवटचा प्रवेश २०२२ मध्ये ६१ व्या रँकला मिळाला, २०२३ मध्ये ६७ व्या आणि २०२४ मध्ये ६८ व्या. पेपर कधी सोपा निघतो, कधी अवघड, गुणांची कटऑफ वरखाली होते; पण रँकची रेघ फारशी हलत नाही. जागा ठरलेल्या, आणि वरच्या मुलांच्या आवडीनिवडी एका वर्षात बदलत नाहीत. म्हणून पन्नासावी रँक हातात असेल तर प्रवेश जवळजवळ नक्की, तीनशेवी असेल तर या जागांचा विचार सोडलेला बरा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचलं की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पातळी कळली की पुढचं कळतं. जेईईत जी काही अनिश्चितता आहे ती पातळीची, म्हणजे रँक किती येणार याची. रेघेची नव्हे.

इथं पालकांची एक भीती दूर करायला हवी. आवडीचं पण अवघड कॉलेज पसंतीक्रमात वर टाकलं तर खालचं हातचं जाईल, असं अनेकांना वाटतं. आयआयटींच्या जागा वाटणारी यंत्रणा म्हणजे जोसा; तिच्या जागावाटपाचा पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या पद्धतीत वरच्या पसंतीला नकार मिळाला तर खालच्या पसंतीला तुमचा विचार त्याच रँकनं, त्याच हक्कानं होतो. तेव्हा मनात जो क्रम आहे तोच फॉर्मवर लिहावा.

सीईटीबद्दल एवढंच सांगतो, की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. पीसीएमला तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर ९९.८ आणि ९९.५ यांच्यामध्ये नऊशे मुलं उभी असतात. आणि कटऑफचा तक्ता वाचताना आपला रकाना कोणता ते आधी बघायचं. पुणे विद्यापीठाखालच्या कॉलेजात कोल्हापूरचा मुलगा 'होम युनिव्हर्सिटी'त, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांच्या रकान्यात, मोडत नाही. चुकीचा रकाना वाचून जुलैभर खुशीत राहिलेली आणि ऑगस्टात रडलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता लाल पेनाचे आकडे.

हार्वर्डकडं २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले, निवडले गेले १,९७०. भागाकार केला की ३.६ टक्के येतात. भागाकारात चूक नाही. पण हा टक्का आलेल्या सगळ्या अर्जांच्या गठ्ठ्याचा आहे, आणि वडिलांनी तो मुलीच्या नावासमोर लिहिला होता. मी मुलीला विचारलं, "कोल्हापूर जिल्ह्यात सरासरी पाऊस किती पडतो?"

ती पटकन म्हणाली, "सर, कुठं? गगनबावड्याला का शिरोळला?"

मला हेच हवं होतं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, शिरोळमध्ये जेमतेम पाचशे-सहाशे. जिल्ह्याची सरासरी काढता येते, ती छापताही येते, पण त्या सरासरीवर भरवसा ठेवून शिरोळच्या शेतकऱ्यानं भात लावला तर त्याचं काय होईल? हार्वर्डच्या ३.६ टक्क्यांच्या आतही असेच तालुके आहेत. प्रवेशात वंशाचा विचार होतो म्हणून हार्वर्डवर चाललेल्या खटल्यात विद्यापीठाची आतली आकडेवारी न्यायालयासमोर आली. पदवीच्या २०१४ ते २०१९ च्या तुकड्यांची ती होती. त्यात खेळाडू म्हणून प्रशिक्षकांनी हेरलेल्या अर्जदारांपैकी ८६ टक्के निवडले गेले होते, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश. त्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये दिला आणि वंशाचा विचार करून प्रवेश देणं थांबलं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप त्या निकालानं गेलं नाही. या गगनबावड्यातल्या अर्जांचा पाऊस सरासरीत मिसळलेला असतो. तो बाजूला काढला तर उरलेल्यांचा टक्का छापलेल्या टक्क्याच्या खालीच जाणार.

परदेशी अर्जदारांचा तालुका आणखी वेगळा. एमआयटीत पदवीच्या वर्गात परदेशी विद्यार्थी साधारण एक दशांश असतात आणि त्या थोड्या जागांसाठी सगळ्या जगातून अर्ज येतात. शिवाय पैशांचा प्रश्न. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठं परदेशी मुलाला निवडताना त्याला आर्थिक मदत लागणार का हे बघत नाहीत. इतर बरीच बघतात. म्हणजे एकाच मुलीचा एकाच विद्यापीठातला चान्स, फॉर्मवर मदतीच्या चौकोनात खूण केली की नाही यावरही बदलतो. वडिलांनी हे ऐकलं आणि ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

याचा मला मनापासून राग येतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं, की परीक्षेतले गुण सारखे असतानाही अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांची या नामांकित विद्यापीठांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. गुणवत्तेच्या जोडीला राहण्या-जेवणाची सोय लागते, हे या गावात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेक बोर्डिंग उभं करताना ओळखलं होतं. शक्यतेचं गणित करताना घरची मिळकत हा एक घटक म्हणून लिहावा लागतो, आणि लिहिताना हात जड होतो.

मग वडिलांनी सगळ्यांच्याच मनात असतो तो मुद्दा काढला. "पण सर, तिथं घेतलेल्या बहुतेक पोरांना १५०० च्या वर असतात. हिला १५२० आहेत. म्हणजे ही त्यांच्यातलीच की."

यातली मेख उलगडायला मी कागद घेतला. आकडे मनानं घेतलेले, हिशोब मात्र खरा. समजा हजार अर्ज आले आणि चाळीस निवडले. निवडलेल्या चाळिसांपैकी छत्तीस जणांना १५०० च्या वर गुण आहेत, म्हणजे नव्वद टक्क्यांना. आता नाकारलेल्या ९६० कडं बघा. त्यांच्यातही चांगली मुलं भरपूर. समजा निम्म्यांना, ४८० जणांना, १५०० च्या वर आहेत. तर १५०० च्या वरची एकूण मुलं ५१६, त्यातली निवडलेली ३६. भागाकार सात टक्के. "निवडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांना असे गुण असतात" आणि "असे गुण असलेल्यांपैकी सात टक्के निवडले जातात" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. मधल्या दरीत सगळ्या जाहिराती उभ्या राहतात. गुण १५०० च्या खाली असलेल्या ४८४ जणांपैकी चौघं निवडले गेले, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. गुणांनी चान्स चारावरून सातावर नेला, त्यांचं काम तिथं संपलं. अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या धर्मोपदेशकाच्या नावानं ओळखलं जाणारं हे सूत्र आहे, आणि ते पाठ नसलं तरी असा हजारांचा हिशोब कुणालाही मांडता येतो. नाकारलेल्यांना मोजायला विसरू नये, एवढंच पथ्य.

छापलेल्या टक्क्याचं अजून एक दुखणं आहे. करोनाच्या वर्षी हार्वर्डनं एसएटीची सक्ती काढली आणि एका वर्षात अर्ज ४०,२४८ वरून ५७,४३५ वर गेले. जागा तेवढ्याच, त्यामुळं टक्का ४.९ वरून ३.४ वर घसरला. लोक घाबरले. पण वाढलेल्या सतरा हजारांतले बरेच जण गुण दाखवायची सक्ती होती तेव्हा अर्जच करत नव्हते. ज्या मुलाचा अर्ज आधीही भक्कम होता त्याचा चान्स त्या प्रमाणात खाली आला असेल असं मानायला कारण नाही. भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे अर्जांचा, फुगला की टक्का पडतो, वरचा तसाच असला तरी.

दहा नावांची यादी का, हे विचारल्यावर वडिलांनी मला थक्क केलं. त्यांनी कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला होता. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के, म्हणजे नकाराचे ९५. दहा ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, साधारण साठ टक्के. म्हणून कुठंतरी एका ठिकाणी मिळण्याची शक्यता चाळीस टक्के! हा हिशोब फाशांसाठी बरोबर आहे. फाशाला मागचं दान आठवत नाही. पण दहा विद्यापीठांत गेलेली फाइल एकच आहे: तीच गुणपत्रिका, त्याच शिक्षकांचं शिफारसपत्र, जवळपास तेच निबंध. एका ठिकाणी जी उणीव नडली ती दुसऱ्या ठिकाणीही नडण्याचा संभव मोठा. जुलैत सोमवारी कोल्हापुरात धो धो पाऊस झाला तर मंगळवारचा पाऊस ही स्वतंत्र घटना राहत नाही, तसंच. दहाही निर्णय पूर्ण जोडलेले असते तर दहा अर्जांचा चान्स एका अर्जाइतकाच, पाच टक्के राहिला असता. खरं उत्तर पाच आणि चाळीस यांच्या मधे कुठंतरी आहे. दहा सारखीच अवघड विद्यापीठं निवडण्यापेक्षा वेगवेगळ्या पायरीवरची निवडली तर ते बरंच वर सरकतं.

"पण अमक्या काउन्सेलरनं तर सत्तर टक्के सांगितलेत," मुलगी हळूच म्हणाली.

सत्तर टक्के हे विधान खरं की खोटं, हे एका मुलीच्या निकालावरून ठरवता येत नाही. प्रवेश मिळाला तरी नाही, नाकारला तरी नाही. हवामानखात्याच्या लोकांना हा पेच जुना आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ञानं १९५० मध्ये त्यावर एक माप सुचवलं. ३० टक्के पाऊस म्हणालात आणि पाऊस आला, तर चूक ०.७, तिचा वर्ग ०.४९. नाही आला तर चूक ०.३, वर्ग ०.०९. अशी शेकडो दिवसांची सरासरी काढायची; ती जितकी लहान तितका अंदाज बांधणारा खरा. ज्यांना ज्यांना सत्तर टक्के सांगितले त्या शंभर मुलांपैकी सत्तरच्या आसपास निवडली गेली पाहिजेत. म्हणून काउन्सेलरकडं निवडलेल्यांचे फोटो मागू नका, ते भिंतीवर असतातच. त्यानं आधी लिहून दिलेल्या सगळ्या टक्क्यांची वही मागा, नकारांसकट. ती वही दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

वही म्हटल्यावर मुलीनं पिशवीतून स्वतःची एक काढली. लांबट, दोनशे पानी, कडा पाण्यानं फुगलेल्या. २०२१ च्या पुरात पंचगंगा ५६ फुटांच्या आसपास गेली तेव्हा त्यांच्या घरात गुडघाभर पाणी होतं. ती तेव्हा आठवीत. पुढच्या पावसाळ्यापासून ती रोज सकाळी सातला बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडे आणि गगनबावड्याचा आदल्या दिवशीचा पाऊस लिहीत आली आहे. शेवटच्या रकान्यात उद्याच्या पातळीचा तिचा अंदाज, आणि दुसऱ्या दिवशी लाल शाईनं चूक किती इंच. पहिल्या वर्षी चुका फूट-दीड फुटांच्या. तिसऱ्या वर्षी बहुतेक चार-पाच इंचांच्या.

"हे फाइलमध्ये का नाही?" मी विचारलं.

"त्याचं काही सर्टिफिकेट नाहीये ना, सर."

या वहीनं हार्वर्डचा टक्का किती वाढेल हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण १५२० गुणांची मुलं हजारोंनी आहेत. ही वही घेऊन ती ज्या गठ्ठ्यात जाईल तो फार लहान आहे, आणि लहान गठ्ठ्याचा टक्का जिल्ह्याच्या सरासरीवरून काढता येत नाही.

वडिलांनी पुन्हा पेन पुढं केला. मी त्यांच्या पानावरचे दशांश खोडले आणि पट्टे लिहिले. वरच्या चार नावांसमोर "एक ते पाच". दोन नावं, जिथं मदत मागितली की दार अरुंद होतं, तिथं कंस करून "मदतीशिवाय परवडेल का?" उरलेल्या चारांच्या जागी जरा खालच्या पायरीवरची चार शोधायला सांगितली. जेईई-सीईटीसमोरची प्रश्नचिन्हं काढून लिहिलं, "मॉकची रँक, दर महिन्याला". मुलगी तोवर वहीची मागची पानं चाळत २०२३ चा जुलै शोधत होती. त्या महिन्यात एक दिवस तिचा अंदाज अडीच फुटांनी चुकला होता, आणि का चुकला ते तिला मला सांगायचं होतं.