‘बॅकअप मारला’ म्हणजे नेमकं काय केलं?

मराठी घरांत ‘बॅकअप’ हा शब्द रुळला तो फायलींपेक्षा इन्व्हर्टरमुळे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ‘किती तास बॅकअप देतो?’ हा दुकानातला पहिला प्रश्न असे. संगणकाच्या टेबलाखालचा यूपीएसही त्याच जातीचा. त्यामुळे बॅकअप म्हणजे अडल्यावेळी कामी येणारं काहीतरी, एवढाच अर्थ डोक्यात बसला. ‘दुसरी प्रत’ हा अर्थ मागे पडला, आणि पुढचा बराच घोळ तिथून सुरू होतो.

त्याआधीचा इतिहास फ्लॉप्यांचा, म्हणजे संगणकात सरकवायच्या पातळ चकत्यांचा. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीतली बॅकअपची कमांड डेटाचे तुकडे करून एकामागून एक फ्लॉपी मागायची. ४० एमबीची भरलेली हार्डडिस्क म्हणजे १.४४ एमबीच्या २८ फ्लॉप्या. पावसाळ्यात त्यातल्या एकीला बुरशी लागली की सगळं रिस्टोअर अडलं. मग ७०० एमबीची सीडी आली, तिच्यावर मार्करने तारीख लिहायची सवय लागली.

घरोघरी बाहेरची हार्डडिस्क पोहोचली ती यूएसबीमुळे. १९९८ च्या यूएसबी १.१ चा कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे १ जीबीला किमान ११ मिनिटं. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ने तो ४८० वर नेला. शिवाय अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागत नाही, वीज त्याच केबलमधून मिळते.

इथेच शब्दाचा गुंता वाढला. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की फोटो कट करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करायचे आणि म्हणायचं, ‘बॅकअप मारला’. खरं तर त्या क्षणी मूळ प्रत गेलेली असते आणि एकुलती एक प्रत टेबलावरून पडू शकेल अशा डबीत असते. ही साठवण झाली, फार तर स्थलांतर. याला बॅकअप म्हणू नये असं माझं ठाम मत आहे, पण संगणक दुरुस्त करणारेही हाच शब्द वापरतात, तर गिऱ्हाइकाला काय दोष द्यायचा? २०११ च्या अखेरीस थायलंडमधल्या पुरात हार्डडिस्कचे कारखाने बुडाले, जगभर भाव चढले, आणि एकाच डिस्कवर भागवणं आणखी सोयीचं वाटू लागलं. पुढे दोन ठिकाणच्या फायली आपोआप सारख्या ठेवणारं ‘सिंक’ आलं. त्यात इकडची फाइल चुकून उडवली की तिकडचीही उडते. त्यालाही लोक बॅकअपच म्हणतात.

डीटीपीवाल्यांची, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांची, गोष्ट आणखी निराळी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टची सांकेतिक मांडणी स्वतंत्र होती. फायलींची प्रत इमानेइतबारे घेतली, फॉन्ट घ्यायचे राहिले, तर दहा वर्षांनी डिस्क धडधाकट असते आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा सडा. मला अशा फायलींचं जास्त वाईट वाटतं, कारण त्या हरवलेल्या नसतात.

आजच्या चर्चेला वळण दिलं खंडणी मागणाऱ्या व्हायरसांनी. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायने संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या. पंचाईत अशी की मॅकमध्ये २००७ पासून आणि विंडोजमध्ये २०१२ पासून असलेली, दर तासाला आपोआप प्रत घेणारी सोय डिस्क जोडलेली आहे हे धरूनच चालते. आपोआप हवं तर केबल लावून ठेवा, वाचवायचं तर काढून ठेवा. त्यामुळे सावध मंडळी दोन डिस्क आलटूनपालटून लावतात. ज्या डिस्कची पाळी नसेल ती कपाटात.