लहान की मोठी? पाणबुडीच्या गेममधल्या निवडीमागचा इतिहास

‘सायलेंट हंटर ३’ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या गेममध्ये १९३९ सालापासून करिअर सुरू केलं आणि पहिली फ्लोटिला (पाणबुड्यांची तुकडी) निवडली, की जर्मनीतल्या कील बंदरात जी पाणबुडी आपल्या वाट्याला येते ती पाहून नवा खेळाडू हिरमुसतोच. टाइप २ए. लांबी जेमतेम ४१ मीटर. पुढे टॉर्पेडोच्या तीन नळ्या, मागे एकही नाही. टॉर्पेडो एकूण पाच. तीन नळ्यांत भरलेले, दोन राखीव. उरलेलं काम तोफेने उरकावं म्हटलं तर डेकवर तशी तोफही नाही. माझ्या पहिल्या गस्तीत दोन टॉर्पेडो एका मालवाहू जहाजावर खर्ची पडले, दोन चुकले, पाचवा आदळला पण फुटला नाही. जहाज बुडालं एक. त्यानंतर नकाशावर घराकडची रेघ ओढण्यावाचून काही उरलं नव्हतं, आणि उत्तर समुद्रात अजून डझनभर जहाजं बिनघोर फिरत होती.

पुढे काय करायचं हे गेमच सुचवतो. बुडवलेल्या जहाजांचे गुण साठवायचे, ते मोजून टाइप ७ घ्यायची, जमलं तर टाइप ९, आणि युद्ध संपत आलं की टाइप २१. लहान बोट म्हणजे पहिली पायरी, मोठी म्हणजे बढती. गेमच्या दृष्टीने हे ठीकच आहे, खेळणाऱ्याला पुढे काहीतरी दिसायला हवं. पण ज्या काळातून या बोटी उचलल्या आहेत, त्या काळात असा जिना नव्हता. भांडण होतं, ते आकड्यांचं होतं, आणि त्यातले बरेचसे आकडे नौदलाने नव्हे तर तहांनी ठरवले होते.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते, कारण लहान आणि मोठ्या पाणबुडीची दोन्ही टोकं तेव्हाच गाठून झाली होती. लहानाच्या टोकाला जर्मनीची यूबी-१ जातीची बोट: २८ मीटर लांब, चौदा माणसं, दोन टॉर्पेडो. ती तुकड्यांनी बांधायची, तुकडे आगगाडीने बेल्जियमला न्यायचे आणि तिथे जोडून पाण्यात सोडायची. मोठ्याच्या टोकाला ‘डॉइचलांट’, जी १९१६मध्ये रंगद्रव्यं भरून अटलांटिक ओलांडून बाल्टिमोरला पोचली. ती तेव्हा व्यापारी पाणबुडी होती. नंतर तिच्यावर शस्त्रं चढवली गेली.

पण मोठेपणाचा सगळ्यात विचित्र हट्ट ब्रिटनने धरला. त्यांना युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर धावणारी पाणबुडी हवी होती. ताफा वीस-बावीस नॉटने (ताशी तितके सागरी मैल) जाणार, तेव्हाच्या डिझेल इंजिनाला ते झेपणार नाही, म्हणून ‘के’ जातीच्या पाणबुडीत चक्क वाफेचं इंजिन बसवलं. १०० मीटरहून जास्त लांबी, दोन धुराडी, पाण्यावर २४ नॉट. बुडी मारायची तर आधी बॉयलर विझवा, धुराडी आडवी करा, हवेची तोंडं बंद करा. यात पाच मिनिटांच्या आसपास जायची. ३१ जानेवारी १९१८च्या रात्री स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, मे बेटाजवळ, युद्धनौका आणि के-पाणबुड्यांचा ताफा दिवे मंद करून निघाला होता. एकीचं सुकाणू अडकलं, ती वळली, मागची तिच्यावर आदळली, आणि मग अंधारात आदळण्याची मालिकाच लागली. के-१७ आणि के-४ बुडाल्या, शंभरावर माणसं गेली. शत्रू आसपासही नव्हता. मे बेटाचं नाव लक्षात असू द्या.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या ठेवायला पूर्ण बंदी घातली. जर्मनांनी त्यावर पळवाट काढली: १९२२मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात जहाजांचे आराखडे करणारी एक कंपनी उभी राहिली, नाव डच, डोकी जर्मन. तिच्या आराखड्यावर फिनलंडमधल्या तुर्कू बंदरात १९३३ साली एक छोटी पाणबुडी पाण्यात उतरली. फिनलंडने तिचं नाव पुढे ‘वेसिक्को’ ठेवलं. गेममध्ये पदरात पडणाऱ्या टाइप २ची ही थोरली बहीण. ती आजही हेलसिंकीजवळच्या सुओमेनलिन्ना किल्ल्यात, जमिनीवर ठेवलेली, बघायला मिळते.

तिकडे १९३०च्या लंडन तहाने ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांच्या पाणबुड्यांच्या एकूण वजनावर प्रत्येक देशाला ५२,७०० टनांची मर्यादा घातली होती. १८ जून १९३५ रोजी ब्रिटन आणि जर्मनीचा नाविक करार झाला आणि जर्मनीला ब्रिटनच्या ४५ टक्के इतक्या वजनाच्या पाणबुड्या बांधायची मुभा मिळाली. करारानंतर अकराव्या दिवशी, २९ जूनला, कीलमध्ये यू-१ नौदलात दाखल झाली. अकरा दिवसांत पाणबुडी बांधून होत नाही. सुटे भाग आधीच रचून ठेवले होते, हे उघड आहे.

आता हिशेब करू. ५२,७००चे ४५ टक्के म्हणजे २३,७१५ टन. कागदोपत्री तीन आकार समोर होते: २५० टनी (टाइप २), ५०० टनी (टाइप ७) आणि ७४० टनी (टाइप ९). सगळं वजन पहिल्यावर लावलं तर ९४ बोटी, दुसऱ्यावर लावलं तर ४७, तिसऱ्यावर ३२. गेममध्ये आपण ‘माझी बोट किती मोठी’ असं विचारतो. तेव्हा प्रश्न होता, ‘ठरलेल्या वजनात माझ्या बोटी किती?’ ही एक गोष्ट नीट समजली की टाइप ७चं सगळं रहस्य उलगडतं.

कार्ल ड्यॉनिट्झ १९३५मध्ये नव्या पाणबुडी दलाचा प्रमुख झाला आणि त्याने मधल्या आकाराची बाजू धरली. त्याचं म्हणणं असं की पाणबुडीचं पहिलं काम शोधण्याचं. तिचा टेहळणीचा मनोरा पाण्यापासून जेमतेम काही मीटर उंच, तिथून दिसणार किती? हजार टनांच्या एका बोटीपेक्षा पाचशे टनांच्या दोन बोटी दुप्पट समुद्र पाहतात. शिवाय लहान बोट लवकर बुडी मारते, लवकर वळते, शत्रूला कमी दिसते. रात्री पाण्यावरून मालवाहू जहाजांच्या काफिल्यात घुसून हल्ला करायचा हे डावपेच त्याच्या डोक्यात पक्के होते, आणि त्या कामात लठ्ठ बोट म्हणजे स्वतःच लक्ष्य. नौदलाच्या वरच्या कचेरीत मात्र लांब पल्ल्याच्या मोठ्या बोटींचं आकर्षण होतं, दूरच्या समुद्रात एकट्याने शिकार करणाऱ्या. मोठ्या आकाराचा पहिला नमुना, टाइप १ए, हाताळायला इतका अवघड निघाला की दोनच बांधून थांबले. मग त्यावरून सुधारत टाइप ९ आली. भांडण कधी पूर्ण मिटलं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीकडे ५७ पाणबुड्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त टाइप २ होत्या. ड्यॉनिट्झची मागणी होती ३००ची.

हे वाचल्यावर टाइप २ला हिणवणं कमी होतं. तिचे खलाशी तिला ‘आइनबाउम’ म्हणत, म्हणजे एका ओंडक्यातून कोरलेली होडी. पण उत्तर समुद्राचा दक्षिण भाग वीस-चाळीस मीटर खोल. तिथे मोठी बोट नेली तर वर विनाशिका आणि खाली वाळू, मध्ये लपायला जागाच नाही. १९४०च्या जानेवारीत ऑटो क्रेट्श्मर हा जर्मन कप्तान यू-२३ ही टाइप २बी घेऊन ऑर्कनी बेटांतल्या इंगनेस उपसागरात शिरला आणि नांगरून पडलेलं ‘डॅनमार्क’ हे दहा हजार टनांवरचं तेलवाहू जहाज त्याने फोडलं. त्याची स्वतःची बोट होती २७९ टनांची. (जहाजाचे टन आणि पाणबुडीचे टन वेगवेगळ्या मापाचे, तुलना थेट करू नये. पण अंदाज येतो.)

तीच यू-२३ पुढे काळ्या समुद्रात गेली, आणि ही हकिकत कुठल्याही गेममध्ये यायला हवी होती. तुर्कस्तानच्या बॉस्फोरस सामुद्रधुनीतून जर्मन पाणबुड्या नेणं शक्य नव्हतं. म्हणून सहा टाइप २ बोटींचे मनोरे आणि यंत्रं उतरवून त्या एल्ब नदीने ड्रेस्डेनपर्यंत ओढल्या, तिथून रस्त्याने अवजड गाड्यांवर घालून इंगोल्श्टाटला नेल्या आणि डॅन्यूबमध्ये सोडल्या. पुन्हा जोडणी होऊन १९४२च्या शेवटापासून त्या एकेक करून रुमेनियातल्या कॉन्स्टान्त्साहून गस्तीवर निघू लागल्या. टाइप ९ला हा प्रवास कधीच झेपला नसता. लहान असण्याची किंमत पाच टॉर्पेडो असेल, तर हा तिचा मोबदला.

टाइप ७सी ही अखेर युद्धाची मुख्य बोट ठरली. या एकाच उपप्रकारच्या ५०० हून जास्त बांधल्या गेल्या. ६७ मीटर, ७६९ टन, १४ टॉर्पेडो, दहा नॉटने ८,५०० सागरी मैल. टाइप ९सी लांबीने दहाएक मीटरच जास्त, पण वजन १,१२० टन, टॉर्पेडो २२, पल्ला १३,४५० मैल. हा फरक कामी आला तो १९४२च्या जानेवारीत. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या पहिल्या धाडीला पाच बोटी गेल्या, पाचही टाइप ९. त्यांतली यू-१२३ ही बोट २३ डिसेंबरला फ्रान्समधल्या लोरियांहून निघाली आणि तिने पहिलं जहाज बुडवलं ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. नंतर टाइप ७वालेही मागे राहिले नाहीत: गोड्या पाण्याच्या टाक्यांतही त्यांनी डिझेल भरलं आणि निघाले. प्यायला, धुवायला पाणी कमी, पण अमेरिका गाठता येते. टाइप ७मध्ये संडास दोन, पैकी एकात सुरुवातीचे आठवडे खाण्याचं सामान कोंबलेलं. पन्नासएक माणसांना एक. गेममध्ये टाकीत पाण्याऐवजी डिझेल भरायची सोय नाही, आणि संडासाचा तर प्रश्नच नाही.

इथेच गेम इतिहासापासून सगळ्यात जास्त दूर जातो, असं मला वाटतं. गेममध्ये वेळ हजारपट वेगाने पळवता येतो. तीन आठवड्यांचं अटलांटिक चहा होईपर्यंत ओलांडून होतं. त्यामुळे टाइप ९ची खरी किंमत, म्हणजे माणसांचे महिने, पडद्यावर दिसतच नाही. दिसतात फक्त २२ टॉर्पेडो. मग मोठीच बोट घ्यावीशी वाटणार. तिचे तोटे कळतात ते काफिल्याच्या मधोमध, पाण्यात आवाज सोडून पाणबुडी शोधणाऱ्या विनाशिकेचा ‘पिंग’ आवाज जवळ येऊ लागला की: सुकाणू पूर्ण फिरवूनही नाक वळता वळत नाही आणि बुडीला लागणारी जादाची चार-पाच सेकंदं घड्याळाच्या काट्यावर मोजता येतात.

अमेरिकन बाजूच्या गेममध्ये ही रस्सीखेच जाणवतच नाही. १९८५च्या ‘सायलेंट सर्व्हिस’पासून २००७च्या ‘सायलेंट हंटर ४’पर्यंत पॅसिफिकमध्ये राज्य मोठ्या ताफा-पाणबुडीचं. पर्ल हार्बरहून जपान तीन हजारांवर सागरी मैल. तिथे २५० टनांची बोट घेऊन कोण जाणार? तरी भांडण तिथेही झालं होतं. अॅडमिरल थॉमस हार्ट लहान, साध्या बोटींच्या बाजूचा होता आणि त्याच्या आग्रहातून ‘मॅकरेल’ आणि ‘मार्लिन’ या दोन बोटी बांधल्याही गेल्या. दोनच. पुढे गॅटो जातीने, ९५ मीटर, दहा नळ्या, २४ टॉर्पेडो, मैदान मारलं. गेममध्ये जुनी एस-जातीची छोटी बोट चालवायला मिळते, पण ती जुनी म्हणून, लहान म्हणून नव्हे.

२०१०च्या ‘सायलेंट हंटर ५’ने निवडच काढून टाकली: फक्त टाइप ७. बदल्यात बोटीच्या आत पायी हिंडता येतं. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, मीही. आता वाटतं, आकार एकच ठेवायचा झाला तर हाच योग्य होता. खऱ्या टाइप ७मध्ये शिरून बघायचं असेल त्याच्यासाठी कीलजवळ लाबोला यू-९९५ किनाऱ्यावर उभी आहे. टाइप ९साठी शिकागोच्या संग्रहालयात यू-५०५.

शीतयुद्धावरच्या गेममध्ये प्रश्नाचं रूप पालटलं. २००५च्या ‘डेंजरस वॉटर्स’मध्ये अमेरिकेची प्रचंड, अणुशक्तीवरची सीवुल्फ आहे आणि बॅटरीवर चालणारी रशियन किलोही. तिथे टॉर्पेडो किती यापेक्षा आवाज किती हे महत्त्वाचं. बॅटरीवर हळूहळू सरकणारी किलो उथळ पाण्यात दबा धरून बसली की अणुशक्तीवरच्या कप्तानाला घाम फुटतो. उत्तर समुद्रातल्या टाइप २चाच डाव, नव्या कानांनी.

जर्मनीने युद्धाच्या शेवटी जे दोन नवे नमुने काढले त्यांतही एक मोठा आणि एक लहान होता. टाइप २१, १,६२१ टनांची, पाण्याखाली १७ नॉट, २३ टॉर्पेडो; गेममधलं शेवटचं बक्षीस तेच. शंभरावर नौदलात दाखल झाल्या, पण लढायला जवळपास कोणीच पोचली नाही. टाइप २३ मात्र ‘सायलेंट हंटर ३’मध्ये चालवायला मिळत नाही. २३४ टन, १४ ते १८ माणसं, टॉर्पेडो दोन, राखीव एकही नाही. आत जागा इतकी कमी की टॉर्पेडो बाहेरून नळीच्या तोंडातून भरावे लागत.

७ मे १९४५च्या रात्री, शरणागतीवर सह्या झालेल्या असताना, यू-२३३६ ही टाइप २३ फोर्थच्या खाडीच्या तोंडाशी होती. ‘स्नेलांट १’ आणि ‘अॅव्हनडेल पार्क’ ही दोन मालवाहू जहाजं तिच्या समोर आली. दोन टॉर्पेडो सुटले, दोन्ही जहाजं बुडाली. जागा: मे बेटाजवळ.