पौर्णिमेचा चंद्र आणि घडीची कमान : चिनी पंख्यामागचा इतिहास

चिनी लिपीत पंख्यासाठी जे अक्षर लिहितात, त्यात दाराची खूण वर आणि पिसांची खूण खाली असते. या अक्षराचा जुना अर्थ दाराचे कवाड असा होता. मागे-पुढे हलणारे सपाट पान एवढ्या साम्यावरून तेच अक्षर पुढे पंख्याला लागले असावे. खालची पिसेही अर्थपूर्ण आहेत, कारण प्राचीन चीनमध्ये पक्ष्यांच्या पिसांचे पंखे वापरात होते आणि लांब दांड्याचे पंखे धरून राजामागे उभे राहणारे सेवक हा दरबारी थाटाचा भाग होता. आपल्याकडच्या अब्दागिरीप्रमाणे अशा पंख्याचे खरे काम वारा घालणे नव्हते, मान दाखवणे होते.

प्रत्यक्ष वापरातले पंखे कसे असत, याचा उत्तम पुरावा हूनान प्रांतातील छांगशा शहराजवळ मिळाला. तेथील मावांगद्वेई या ठिकाणी १९७२ साली हान राजघराण्याच्या काळातील एका सरदारपत्नीची कबर उत्खननात उघडली. ती इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातली होती आणि रेशमी वस्त्रे, लाखकामाची भांडी यांच्याबरोबर तिच्यात बांबूच्या बारीक पट्ट्या विणून केलेले दोन पंखे निघाले. एकाचा दांडा लहान आहे, तर दुसरा सुमारे पावणेदोन मीटर लांब आहे. पहिला स्वतःच्या हातात धरण्याचा आणि दुसरा दासीने धरण्याचा, हे त्यांच्या मापावरूनच कळते. दोन्हींत विणलेले पान दांड्याच्या एकाच बाजूला, झेंड्यासारखे बसवलेले आहे.

हान काळातच रेशमाच्या गोल पंख्याने मनाचा ताबा घेतला. बांबूच्या वर्तुळाकार चौकटीवर पांढरे रेशीम ताणून बसवायचे आणि मधोमध दांडा घालायचा, अशी त्याची रचना असे. त्याच्या चिनी नावात गोलपणा आणि एकत्र येणे हे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे तो मीलनाचे चिन्ह ठरला. पण साहित्यात त्याची जी प्रतिमा सर्वांत खोल रुजली, ती विरहाची आहे. सम्राट छंगच्या अंतःपुरातील बान नावाच्या विदुषीच्या नावावर एक छोटी कविता सांगितली जाते. हिमासारख्या शुभ्र रेशमाचा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा पंखा उन्हाळाभर प्रियकराच्या बाहीत राहतो. पण शरदाचा गार वारा सुटला, की तो पेटीत टाकला जाईल अशी भीती या कवितेत व्यक्त होते. कविता खरोखर तिचीच आहे का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. तरीही ‘शरदातला पंखा’ म्हणजे टाकून दिलेली स्त्री, हा संकेत पुढे दोन हजार वर्षे टिकला. एखाद्या चिनी चित्रात हिवाळी झाडाजवळ हातात पंखा घेतलेली स्त्री दिसली, तर हा संदर्भ ठाऊक असल्याशिवाय ते चित्र उमगत नाही.

पंख्यावर अक्षरे लिहिण्याची प्रथाही जुनी आहे. चौथ्या शतकातील विख्यात सुलेखनकार वांग शीजी याच्याविषयीची एक हकीकत अधिकृत इतिहासग्रंथातही नोंदलेली आहे. बांबूचे षट्कोनी पंखे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या पंख्यांवर त्याने प्रत्येकी पाच अक्षरे लिहिली. माल खराब केला म्हणून ती चिडली, तेव्हा ‘अक्षर वांगचे आहे एवढे सांग आणि शंभर नाणी माग’, असा सल्ला त्याने दिला, आणि लोकांनी ते पंखे झटपट विकत घेतले. शाओशिंग शहरातील एका पुलाचे नाव आजही या प्रसंगाची आठवण ठेवते. वारा घालण्याच्या वस्तूची किंमत तिच्यावरील हस्ताक्षरावरून ठरू लागते, हा पंख्याच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा या हकीकतीत नेमका पकडला गेला आहे.

सोंग राजघराण्याच्या काळात (दहावे ते तेरावे शतक) गोल पंखा चित्रकारांचे आवडते माध्यम झाला. एका फुलाची फांदी, दोन पक्षी किंवा धुक्यातला डोंगर एवढेच वीतभर रेशमावर रंगवायचे, आणि उरलेली जागा मोकळी ठेवायची. दरबारी चित्रकार मा युआन एका कोपऱ्यात विषय मांडून बाकीचा अवकाश रिता सोडत असे, म्हणून त्याला ‘कोपऱ्याचा मा’ असे नावच पडले होते. ही चित्रे आज आपल्याला पाहता येतात, कारण पुढच्या संग्राहकांनी ते रेशीम चौकटीतून सोडवून चित्रसंग्रहाच्या पानांवर चिकटवले. अशा काही चित्रांच्या मधोमध जुन्या दांड्याची उभी खूण अजूनही दिसते, आणि ही वस्तू कोणीतरी कधीकाळी खरोखर हातात धरली होती, याची जाणीव मला तरी त्या खुणेइतकी दुसरी कोणतीही गोष्ट करून देत नाही.

चिनी पंखा म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जो घडीचा पंखा येतो, तो मुळात चीनचा नाही. त्याचा जन्म जपानमधला. इ.स. ९८८ मध्ये एका जपानी भिक्षूकडून सोंग सम्राटाला ज्या भेटी आल्या, त्यांत लाकडी पट्ट्यांचे वीस आणि कागदाचे दोन घडीचे पंखे असल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. कागदी पंख्यांना ‘वटवाघळाचे पंखे’ म्हटले आहे, आणि मिटणाऱ्या पंखांची उपमा त्यांना चपखल बसते. कोरियाच्या वकिलातींबरोबरही असे पंखे येत राहिले. तरीही चीनमध्ये ते घरोघरी पोहोचायला मिंग राजघराण्याचा काळ (१३६८–१६४४) उजाडावा लागला. योंगले सम्राटाच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला आणि त्याचा नातू शुआनदे तर स्वतः पंखे रंगवत असे. १४२७ मध्ये त्याने रंगवलेला, उघडल्यावर दीड मीटर रुंद भरणारा पंखा बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात जतन केलेला आहे.

या पंख्याला कलेच्या शिखरावर नेले ते सुजौ शहरातील शेन जौ, वेन जंगमिंग, तांग यिन अशा चित्रकारांनी. बाहीत मावणारा, भेट देता येणारा आणि भर मैफलीत उलगडून दाखवता येणारा हा पंखा विद्वानांच्या स्नेहाचे माध्यम झाला. एका बाजूला मित्राचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मित्राची कविता, असे पंखे प्रेमाने जपले जात. त्याची चित्रभूमी मात्र अवघड असते. वर रुंद आणि खाली अरुंद अशी ती कमान, तिच्यावर घड्यांचे उंचवटे, आणि कागद सोनेरी असेल तर शाई सहज न मुरणारा. खाली जागा आक्रसत जाते म्हणून सुलेखनकार एक ओळ वरपासून खालपर्यंत पूर्ण लिहितात आणि शेजारच्या ओळीत वरच्या कडेला एक-दोन अक्षरेच ठेवतात. या अडचणीतून आलेली लांब-आखूड ओळींची लय हेच पुढे पंख्यावरील लेखनाचे सौंदर्य ठरले.

काड्यांनाही तितकाच मान होता. तपकिरी ठिपक्यांचा बांबू सर्वांत मोलाचा मानला जाई. पुराणपुरुष शुन राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन राण्यांनी ढाळलेल्या अश्रूंचे ते डाग आहेत, अशी कथा आहे. हांगजौमध्ये तुतीच्या सालीच्या कागदावर पर्सिमॉन या तेंदूच्या कुळातील झाडाच्या कच्च्या फळांचा रस चढवून काळे पंखे करतात, ते पावसातही टिकतात. तेथील वांगशिंगजी ही पेढी १८७५ पासून हे काम करत आली आहे. सिच्वान प्रांतातील त्सगोंग येथे बांबूचे तंतू इतके बारीक काढतात, की विणलेला पंखा रेशमी वाटावा.

युरोपात गेलेल्या पंख्यांची गोष्ट निराळी आहे. १५५७ पासून पोर्तुगीज मकाऊमध्ये स्थिरावले, आणि मकाऊचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिपत्याखाली होता. पूर्वेकडच्या चैनीच्या वस्तू लिस्बनला जात त्या याच मार्गाने. पुढे १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांना सागरी व्यापारासाठी ग्वांगजौ, म्हणजे कँटन, हे एकच बंदर खुले होते. तेथील कारागीर हस्तिदंताच्या काड्यांवर जाळीकाम करून मधोमध ढालीच्या आकाराची जागा कोरी सोडत. तिच्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची आद्याक्षरे कोरली जात. एकोणिसाव्या शतकात कागदावर माणसे रंगवून त्यांना हस्तिदंताचे इवलेसे चेहरे आणि रेशमाचे कपडे चिकटवलेले पंखे निघाले. ते भरगच्च, परदेशी गिऱ्हाइकासाठीच केलेले होते, आणि सुजौच्या विद्वानाला ते बटबटीत वाटले असते, असे मला वाटते. मुंबईचे पारशी व्यापारी याच बंदरातून भरतकाम केलेले रेशीम आणत. पारशी गारा साडीच्या भरतकामातली ‘चीना-चीनी’ची, म्हणजे चिनी स्त्री-पुरुषाची जोडी, कमानदार पूल आणि मंडप हे त्या पंख्यांवरील दृश्यांचेच सगेसोयरे आहेत.

विसाव्या शतकात सुजौमध्ये चंदनी पंख्यांना बहर आला, आणि त्यासाठी भारतातले, विशेषतः म्हैसूरकडचे चंदन नावाजले गेले. या पंख्याला कागद किंवा रेशीम लागत नाही. चंदनाच्या पातळ पट्ट्याच फितीने ओवतात. तेथील कारागीर सजावटीच्या चार रीती मानतात : बारीक करवतीने कापलेली जाळी, तापल्या टोकाने डागलेले चित्र, कोरीवकाम आणि रंगकाम. शरदात असा पंखा कपड्यांच्या पेटीत ठेवला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कपड्यांना त्याचा वास येत राहतो.