बीटल्सच्या गाण्यांत नक्की कोण काय वाजवतंय?

बीटल्स या ब्रिटिश बँडमध्ये जॉन लेनन ऱ्हिदम गिटार (साथीची), जॉर्ज हॅरिसन लीड गिटार (सोलोची), पॉल मॅकार्टनी बेस गिटार, रिंगो स्टार ड्रम्स, हे सगळ्यांना पाठ असतं आणि १९६३ च्या पहिल्या एलपीच्या कव्हरवर तसं छापलेलंही आहे. स्टेजवर ते खरंच होतं. रेकॉर्डवर मात्र पहिल्या सिंगलपासूनच घोळ. 'लव्ह मी डू' १९६२ मध्ये तीनदा रेकॉर्ड झालं, जूनमध्ये आधीचा ड्रमर पीट बेस्टबरोबर, मग ४ सप्टेंबरला रिंगोबरोबर, तेही स्टुडिओवाल्यांना पटेना म्हणून ११ तारखेला अँडी व्हाइट नावाचा सेशन ड्रमर (रेकॉर्डिंगपुरता भाड्यानं बोलावलेला) आणला आणि रिंगोच्या हातात दिलं टॅम्बोरिन. त्यामुळे टॅम्बोरिन ऐकू आलं की समजायचं, ड्रम्सवर व्हाइट आहे.

खरी सरमिसळ पुढे झाली. पॉल मुळातला गिटारवाला, १९६१ मध्ये बँडचा तेव्हाचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला तेव्हा बेस त्याच्या गळ्यात पडला. त्यात १९६३ च्या शेवटी शेवटी त्यांना फोर-ट्रॅक मशीन (चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर रेकॉर्ड करणारं) मिळालं, म्हणजे एकावर एक ओव्हरडब करायची, आधीच्या रेकॉर्डिंगवर नवं वाजवून चढवायची सोय झाली, चौघांनी एकदम वाजवायलाच हवं असं उरलं नाही. 'टॅक्समन' (१९६६) जॉर्जचं गाणं, पण त्यातला तो अंगावर येणारा सोलो पॉलचा! जॉर्जला त्याचं काही वाटलं नाही, उलट पॉलनं माझ्यासाठी त्यात जरा इंडियन टच दिला असं तो नंतर कौतुकानं सांगायचा.

ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगो वैतागून निघून गेला, म्हणून 'बॅक इन द यूएसएसआर' आणि 'डिअर प्रुडन्स'वर ड्रम्स मुख्यतः पॉलचे. रिंगो सप्टेंबरच्या सुरुवातीला परतला आणि लगेच ६ तारखेला एरिक क्लॅप्टन या बँडबाहेरच्या गिटारवाल्यानं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'चा सोलो वाजवला, कव्हरवर नाव नाही काही नाही. 'द बॅलड ऑफ जॉन अँड योको' तर १४ एप्रिल १९६९ ला फक्त जॉन आणि पॉलनं मिळून उरकलं. टेपवर जॉन ड्रम्सवर बसलेल्या पॉलला म्हणतो, जरा फास्ट घे रिंगो, आणि पॉल म्हणतो, ओके जॉर्ज. 😄

कुठल्या गाण्यात कोण वाजवतंय याचं क्रेडिट द्यायची पद्धतच नव्हती म्हणून हे सगळं इतकी वर्षं गुलदस्त्यात राहिलं, नीट उलगडलं ते १९८८ मध्ये बीटल्सचा अभ्यासक मार्क लुईसननं ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या टेप्स आणि कागदपत्रं चाळून पुस्तक काढलं तेव्हा. अपवाद थोडेच, त्यातला एक आपल्या ओळखीच्या आडनावाचा: 'लव्ह यू टू'वर तबला वाजवणारे अनिल भागवत, त्यांचं नाव 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर आहे. 'द इनर लाइट'चं संगीत तर जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्याच वादकांकडून वाजवून घेतलेलं, जॉर्जनं लंडनला परत जाऊन त्यावर गायलं आणि ते 'लेडी मॅडोना'च्या बी-साइडला (सिंगलच्या मागच्या बाजूला) आलं, नाव अर्थातच बीटल्सचं.